मॉन्टेरे : गहाळ मालाची यादी

वास. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला दोन तासांवर, उपसागराच्या खालच्या टोकाला वसलेलं मॉन्टेरे कित्येक वर्षं डोळ्यांआधी नाकाला कळायचं. आधी चिनी कोळ्यांनी वाळत घातलेल्या स्क्विडचा वास, नंतर सार्डिन शिजवणाऱ्या आणि तिची कुटी करणाऱ्या कारखान्यांचा. पहिल्या वासाबद्दल प्रतिष्ठितांच्या तक्रारी फार होत्या. दुसऱ्याबद्दलही झाल्या, पण बेतानं, कारण त्या वासात पगार होता. आज कारखान्यांच्या त्या रस्त्यावर, कॅनरी रोवर, फजचा, पावाच्या वाडग्यातल्या क्लॅम चाउडरचा आणि सनस्क्रीनचा वास येतो. मासळी फक्त दुकानांच्या पाट्यांवर उरली आहे.

भोंगे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा वाजायचा. सार्डिन धरायची ती अंधाऱ्या रात्री, कारण थवा हलला की पाणी चमकायचं आणि जाळं कुठे टाकायचं ते समजायचं. होड्या परतल्या की भोंगा, मग रात्रीचे दोन असोत की पहाटेचे चार. ज्याचा भोंगा वाजेल त्या कारखान्याची माणसं टेकडीवरच्या घरांतून उठून खाली उतरायची. होड्यांवर बहुतेक सिसिलीहून आलेले इटालियन. आत कापायला आणि डबे भरायला बहुतेक बायका. नूट हॉव्हडेनचा कारखाना सगळ्यांत शेवटी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्याच जागेवर ऑक्टोबर १९८४मध्ये मॉन्टेरे बे मत्स्यालय उघडलं. जुने बॉयलर तिथे जपून ठेवले आहेत. ते स्वच्छ आहेत, रंगवलेले आहेत आणि मुलं त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतात.

सार्डिन. १९४१-४२च्या हंगामात एकट्या मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर सुमारे अडीच लाख टन मासळी उतरली. एवढी सार्डिन खाणारी तोंडं जगात नव्हती असं नाही. पण बरीचशी डब्यांत गेलीच नाही. तिचं तेल काढलं, उरलेल्याची पूड करून कोंबड्यांना घातली, शेतात खत म्हणून पसरली. डबे भरण्यापेक्षा त्यात नफा जास्त होता. राज्याचे मत्स्यशास्त्रज्ञ १९३०च्या दशकापासून उचल कमी करा म्हणून सांगत होते. युद्ध संपलं आणि लगोलग मासळीही. पुढे सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाचा गाळ उपसून त्यातले खवले मोजले, तेव्हा कळलं की माणसानं जाळं टाकण्याच्या कितीतरी आधीपासून सार्डिन अशी वाढत आणि आटत आली आहे. पाणी थंड पडलं की ती मागे हटते आणि अँचोव्ही पुढे येते.

लग्नकार्य उरकल्यावर भांडी मोजतात, तेव्हा काय कमी आहे याच्याइतकंच कोणी नेलं हेही विचारलं जातं. या यादीलाही तो रकाना हवा. सार्डिनपुढे दोन नावं पडतील. समुद्रानं हात आखडला होता, आणि नेमक्या त्याच वेळी माणसानं उचल थांबवली नाही.

आई रत्नागिरीची. मत्स्यालयातल्या गोल टाकीत डोक्यावरून चमकत फिरणारा थवा पाहून ती म्हणाली, “तारलीच की गं ही!” जात वेगळी आहे, पण कुळ एकच, आणि लहरही तीच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तारलीनं केरळात २०१२ साली विक्रम केला आणि २०२१ साली ती जवळजवळ नाहीशी झाली. कॅलिफोर्नियाची सार्डिन १९९०च्या दशकात परत आली होती. घटली म्हणून २०१५पासून तिची मोठी मासेमारी पुन्हा बंद आहे.

रस्त्याचं नाव. ओशन व्ह्यू ॲव्हेन्यू. जॉन स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ ही कादंबरी १९४५ साली आली आणि नगरपालिकेनं १९५८ साली तिचंच नाव रस्त्याला दिलं. तोवर कादंबरीतला धंदा बसला होता. पाहुण्यांना काय विकायचं हा प्रश्न मात्र सुटला.

याच रस्त्यावर मोठ्या इमारतींच्या ओळीत एक करडं, लाकडी, बुटकं घर अजून उभं आहे : एड रिकेट्सची प्रयोगशाळा. शाळा-कॉलेजांना तारामासे आणि जेलीफिश बाटल्यांतून पुरवणारा हा माणूस. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जिवांवर त्यानं लिहिलेला ग्रंथ १९३९ साली निघाला आणि अजून वापरात आहे. मे १९४८मध्ये जवळच्याच फाटकावर डेल मॉन्टे एक्सप्रेस त्याच्या गाडीवर आदळली आणि त्यात तो गेला. सॅन फ्रान्सिस्कोहून येणारी ती गाडीही १९७१ साली बंद झाली. रूळ उखडून तिथे सायकलींची वाट केली आहे. रिकेट्सचा अर्धपुतळा वळणावर आहे. त्याच्या हातात कोणी ना कोणी फूल ठेवून जातं.

एक भाषा. रमसेन. स्पॅनिश लोक १७७०मध्ये इथे छावणी आणि मिशन घेऊन आले, त्याआधी या किनाऱ्यावर हीच बोलली जात होती. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती इझाबेल मेडोज. जॉन हॅरिंग्टन या भाषा गोळा करत फिरणाऱ्या अभ्यासकानं तिला वॉशिंग्टनला नेलं. आयुष्याची शेवटची वर्षं ती तिथे बसून त्याला सांगत राहिली : शब्द, गोष्टी, कोणी कोणाचं काय लुबाडलं ते. १९३९ साली तिकडेच वारली. हॅरिंग्टनची टिपणं आहेत. आज तिचे समाजबांधव त्याच टिपणांवरून ती भाषा पुन्हा शिकू पाहतात.

हाडांची फरसबंदी. पोर्तुगीज देवमासेमाऱ्यांच्या जुन्या घरापुढची पायवाट देवमाशाच्या मणक्यांनी फरसलेली आहे. झिजते आहे.

अबालोनी. खडकाला चिकटून राहणारी, एकाच कवचाची, तळहाताहून मोठी समुद्री गोगलगाय. मांस चामड्यासारखं चिवट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉप अर्नेस्ट या मॉन्टेरेच्या खानावळवाल्यानं ते कापून, बडवून, अंड्यात घोळवून तळलं, आणि साऱ्या कॅलिफोर्नियाला चटक लावली. शेजारच्या पॉइंट लोबोसला गेन्नोसुके कोदानी यानं जपानहून पाणबुडे आणून अबालोनी डबाबंद करण्याचा उद्योग उभारला. धंद्यासाठी अबालोनी काढायला कॅलिफोर्नियात १९९७पासून बंदी आहे, आणि २०१८पासून हौशी पाणबुड्यांनाही मनाई. आता मॉन्टेरेच्या धक्क्याखाली पिंजऱ्यांत ती पाळतात. शिंपला साबण ठेवायला विकत मिळतो.

मात्र अबालोनीची ती जुनी रेलचेल नैसर्गिक नव्हतीच. अबालोनी खाणारं समुद्री पाणमांजर रशियन आणि अमेरिकी शिकाऱ्यांनी कातड्यासाठी त्याआधी संपवत आणलं होतं. खाणारा गेला म्हणून खडक भरले. म्हणजे आजोबांच्या काळी किती मिळायचं म्हणून जे सांगितलं जातं, ती एका आधीच्या चोरीची मिळकत होती. जुने दिवस आठवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं, आणि त्यात मीही आले.

पाणमांजर परत आलं. मॉन्टेरेच्या दक्षिणेला, बिक्सबी ओढ्याजवळ, १९३८ साली पन्नासेक जनावरांचा कळप दिसला तेव्हा लोकांना खरं वाटेना. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती तीनेक हजार आहेत. उताणी तरंगतात आणि पोटावर दगड ठेवून शिंपले फोडतात. अबालोनीवाल्यांचा त्यांच्यावर राग होता. यादीतून नाव खोडावं लागलं असं हे एकच.

सूर्यफूल तारा. चोवीसपर्यंत बाहू असलेला, परातीपेक्षा मोठा होणारा तारामासा. २०१३पासून एक रोग आला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं तारामासे विरघळून पडायला लागले. ही जात नव्वद टक्क्यांहून अधिक गेली. पाठोपाठ पाणी अतोनात तापलं. हा तारा जांभळी समुद्री साळू (सी अर्चिन) खायचा, आणि साळू केल्प हे समुद्री शेवाळ खायची. राखणदार गेला तशी साळूंनी पाण्याखालची जंगलं चरून टाकली. उत्तर कॅलिफोर्नियात जवळजवळ सगळीच गेली. मॉन्टेरेत तुकडे तुकडे राहिले, कारण इथे पाणमांजर आहे आणि तेही साळू खातं. रोगाचा जंतू, एक विब्रिओ, २०२५ साली सापडला. वरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. पाणी तसंच निळं दिसतं.

फुलपाखरं. मॉन्टेरेला लागून पॅसिफिक ग्रोव्ह. मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांनी १८७५ साली तंबू ठोकून वसवलेलं गाव. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडची मोनार्क फुलपाखरं हिवाळ्यात ज्या किनाऱ्यावर येऊन टेकतात, त्यातलं हे एक ठिकाण. निलगिरी आणि पाइनच्या फांद्यांवर पंख मिटून बसली की वाळलेल्या पानांचे घोसच वाटतात. ऊन पडलं की फांदी केशरी होते. त्यांना त्रास देणाऱ्याला दंड करायचा कायदा गावानं १९३०च्या दशकाच्या अखेरीसच केला होता. राईवर घरं उठणार म्हटल्यावर १९९० साली गावकऱ्यांनी मतदान करून, स्वतःवर कर लादून घेऊन ती जमीन विकत घेतली. याहून अधिक एखाद्या गावानं काय करायचं? तरी १९८०च्या दशकात लाखोंनी येणारी ही फुलपाखरं २०२०च्या हिवाळ्यात साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर मिळून दोन हजारांनाही कमी पडली. पॅसिफिक ग्रोव्हच्या राईत त्या वर्षी शून्य. पुढच्याच हिवाळ्यात मोजणी दोन लाख सत्तेचाळीस हजारांवर गेली, आणि २०२४च्या मोजणीत ९,११९. कारणं राईत नाहीतच. ती दूर आतल्या मुलखात आहेत : रुईच्या कुळातलं मिल्कवीड उपटलेली शेतं, कीटकनाशकं, तापलेले उन्हाळे. शाळेतली मुलं दर ऑक्टोबरला पंख लावून मिरवणूक काढतात. मिरवणुकीत फुलपाखरं कमी पडलेली नाहीत.

दारूबंदी. पॅसिफिक ग्रोव्हमध्ये १९६९पर्यंत होती. कॅलिफोर्नियातलं शेवटचं कोरडं गाव. हळहळणारं कोणी भेटलं नाही.

एक गाव. इथपर्यंत ते मागे ठेवलं, कारण बाकीच्यांच्या रांगेत ते बसत नाही. १८५०च्या दशकात चिनी कुटुंबं आली आणि आज मत्स्यालय जिथे संपतं त्याच्या पलीकडच्या खडकाळ टोकावर, पॉइंट अलोन्सला, त्यांनी घरं बांधली. मागाहून आलेल्या इटालियनांनी दिवसाची मासेमारी व्यापली, तेव्हा चिनी कोळी रात्री निघू लागले. होडीच्या टोकाला लोखंडी टोपलीत पाइनची लाकडं पेटवायची, उजेडाला स्क्विड वर येते, ती जाळ्यात घ्यायची. किनाऱ्यावर आणून वाळवायची आणि चीनला पाठवायची. टेकडीवरून रात्रीच्या त्या आगी फार देखण्या दिसत. दिवसा त्याच टेकडीवर तक्रारअर्ज लिहिले जात.

पॅसिफिक ग्रोव्हनं १९०५ साली कंदिलांचा उत्सव सुरू केला. पुढे त्याला जोड मिळाली ती निळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या बश्यांवरून घेतलेल्या, चिनी म्हणून खपवलेल्या एका प्रेमकथेची. गोऱ्या मुली चिनी राजकन्या व्हायच्या, होड्यांवर कागदी कंदील लावायचे. आणि १६ मे १९०६च्या रात्री, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप होऊन महिना उलटायच्या आत, खऱ्या चिनी गावाला आग लागली. बघायला गर्दी जमली आणि त्या गर्दीतल्यांनी सामान लुटलं. जमीन एका मोठ्या कंपनीची होती; तिनं पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. लोक काही महिने राखेत ठाण मांडून बसले, मग त्यांना हलवलं गेलं. त्या जागेवर १९१७पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाचं हॉपकिन्स सागरी केंद्र आहे. तिथे उत्तम संशोधन होतं. कंदिलांचा उत्सव मात्र शतकभरानंतरही होत होता. अगदी अलीकडे तो थांबला.

स्क्विड उपसागरात अजून आहे. रात्री होड्या विजेचे झगझगीत दिवे लावून तिला वर बोलावतात. पद्धत चिनी कोळ्यांचीच.

सार्डिनपुढे समुद्राचं नाव घालता येतं, ताऱ्यांपुढे जंतूचं, फुलपाखरांपुढे आपल्या सगळ्यांचं. पॉइंट अलोन्सपुढच्या रकान्यात निसर्गाला, काळाला, बदलत्या जमान्याला कुठेही जागा नाही. तिथे माणसं लिहावी लागतात.

सनीव्हेल-फ्रीमाँटची आपली मंडळी भारतातून आई-वडील आले की एका शनिवारी त्यांना मॉन्टेरेला नेतातच. जरूर न्या. मत्स्यालयाची तिकिटं आधी काढून ठेवा आणि स्वेटर घ्या, जुलै असला तरी. बाहेर पडल्यावर समुद्र उजव्या हाताला ठेवून सायकलींच्या वाटेनं थोडं पुढे चाला. कुंपणापलीकडच्या पुळणीवर सील लोळत असतील, ते सगळ्यांना आवडतात. ते बघून झाले की इथे १९०६पर्यंत एक गाव होतं, एवढं बरोबरच्यांना सांगा.