आल्प्सची पहिली सहल, बेताबेताने

मुलांची शिक्षणे पार पडतात, घरकर्जाचे शेवटचे हप्ते उरतात आणि ‘आता तरी युरोप पाहून येऊ’ हे वाक्य घरात वरचेवर कानांवर येऊ लागते. नेमक्या याच वयात औषधांच्या डबीत रक्तदाबाची गोळी आलेली असते, दोघांपैकी एकाचा गुडघा कुरकुरत असतो आणि आतल्या खोलीत ऐंशी ओलांडलेली आई किंवा वडील असतात. आल्प्सची पहिली सहल आखणाऱ्या जोडप्याला म्हणूनच नकाशाइतकेच स्वतःच्या शरीराकडे आणि घराकडेही पाहावे लागते.

आल्प्सची रांग सुमारे १२०० किलोमीटर लांब आहे आणि आठ देशांत पसरली आहे. सहल कंपन्यांची पत्रके पाहिली, की हे सगळे देश दहा दिवसांत उरकता येतील असे वाटू लागते. देश मोजण्याची ही सवय आपण प्रथम सोडावी. दर रात्री नवे हॉटेल म्हणजे दर सकाळी बॅग भरणे, सहा वाजता नाश्ता, मग बसमध्ये चार-पाच तास बसून राहणे. मधुमेह असलेल्याच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा दोन दिवसांत विस्कटतात. सुजलेले पाय आणि बिघडलेले पोट हे त्यानंतर येणारच. माझ्या मते पहिल्या खेपेस तीन देश, तीन मुक्काम आणि बारा रात्री हा हिशेब पुरेसा आहे. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्डला पाच रात्री, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला तीन आणि इटलीतील डोलोमाइट्समध्ये ऑर्टिझेईला चार. झुरिकला विमानातून उतरावे, म्युनिकहून परतावे आणि मधला प्रवास रेल्वेने करावा. फक्त बोल्झानो ते ऑर्टिझेई हा टप्पा बसचा.

देशांऐवजी मोजायची ती उंची. आल्प्स म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे येतात. पण आपण झोपणार ती गावे खोऱ्यांत असतात. इंटरलाकेन जवळपास पुण्याच्या उंचीवर आहे आणि इन्सब्रुकही. ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. ऑर्टिझेई १२३६ मीटरवर आहे. या उंचीवर रात्री काढणे बहुतेकांना जड जात नाही. प्रश्न येतो तो केबल कार आणि डोंगरी रेल्वेचा, कारण त्या आपल्याला फार थोड्या वेळात फार वर नेतात.

युंगफ्राउयोखचेच उदाहरण घ्या. १९१२ साली पूर्ण झालेली ही रेल्वे आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून बोगद्याने ३४५४ मीटरवर जाते. लेह शहराची उंची साधारण तेवढीच. लेहला विमानाने उतरणाऱ्याला आपण दोन दिवस विश्रांतीचा सल्ला देतो. इथे मात्र नाश्ता आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये माणूस तितक्याच उंचीवर पोहोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. निरोगी माणसालाही जिना चढताना धाप लागते, डोके हलके वाटते. दोन-तीन तासांत खाली यायचे असल्यामुळे उंचीचा खरा आजार बहुधा होत नाही, कारण तो बाधायला सहसा काही तास लागतात आणि रात्री आपण खाली झोपतो. पण ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, नुकतीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, फुप्फुसांचा जुना विकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा अंगात रक्त फारच कमी आहे, त्यांनी डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज वर जाऊ नये. डॉक्टरांना ‘युरोपला जातो आहोत’ एवढेच सांगून भागत नाही. ‘३५०० मीटरवर दोन तास थांबणार आहोत’ असे आकड्यासह सांगावे.

जायचेच असेल तर ग्रिंडेलवाल्डला पोहोचल्यापासून तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी जावे. वाटेत आयगरग्लेचर हे स्थानक २३२० मीटरवर लागते. तिथे अर्धा तास बसून पाणी, थोडे खाणे. वर गेल्यावर चाल निम्मी करावी, बर्फाच्या गुहेत कठडा धरून चालावे. छातीत दुखले, बसल्या जागी धाप लागली किंवा पाय लडखडू लागले तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगून पहिल्या गाडीने खाली यावे. तिकिटाच्या पैशांचा विचार तेव्हा मनात आणू नये.

आणि वर गेलाच नाहीत तर फार काही गमावले असे मानू नका. आयगरचा प्रसिद्ध उत्तर कडा युंगफ्राउयोखवरून दिसतच नाही. तो दिसतो ग्रिंडेलवाल्डच्या गॅलरीतून, चहा पिता पिता. मेनलिखेन या सुमारे २२३० मीटरवरील ठिकाणी केबल कारने गेल्यास आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे एका नजरेत येतात, आणि तिथून क्लाइन शायडेक या स्थानकापर्यंतची साडेचार किलोमीटरची वाट हळूहळू उतरत जाते. परतीला रेल्वे आहे. तेवढेही नको असेल तर ७९५ मीटरवरचे लाउटरब्रुनेन खोरे आहे. जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा तिथे गावातूनच दिसतो, आणि खोऱ्यातली वाट बरीचशी सपाट आहे.

गुडघ्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. चढाने दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उताराने. ‘केबल कारने वर जाऊ आणि चालत खाली येऊ’ हा बेत ऐकायला सोपा, पन्नाशीच्या गुडघ्यांना मात्र तोच सर्वांत महाग पडतो. जमेल तेवढे वर चालावे आणि खाली यायला यंत्र वापरावे. चालण्याच्या दोन काठ्या न्याव्यात. त्या म्हातारपणाचे लक्षण नाहीत, तिथे तरुणही वापरतात. स्वित्झर्लंडमधील पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी चालण्याचा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते, म्हणून आपण त्याच्या दीडपट वेळ धरावा. पिवळ्या खुणेची वाट साधी, पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट डोंगरी. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेच्या वाटेला आपण जाऊच नये. तयारी तीन महिने आधी सुरू करावी. रोज पाऊण तास चालणे, आठवड्यातून दोनदा पर्वतीसारखी एखादी टेकडी, आणि तीही चढण्याइतकीच सावकाश उतरण्यासाठी.

ग्रिंडेलवाल्डहून इन्सब्रुकचा दिवस सर्वांत लांब. त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. गाडी आर्लबर्गच्या डोंगरातून जाते आणि सीमेजवळ काही मिनिटे लिख्टेनश्टाइनमधून धावते, म्हणजे ज्यांना देश मोजल्याशिवाय चैन पडत नाही त्यांचा चौथा देश खिडकीतूनच होतो. इन्सब्रुक हे विश्रांतीचे ठाणे समजावे. जुने शहर सपाट आहे, इन नदीकाठी बाके आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कौलांचा सज्जा पाहायला अर्धा तास पुरतो. एखादी दुपार कपडे धुण्यात आणि झोपण्यात गेली तरी हरकत नाही.

तिथून ब्रेनर खिंडीतून दक्षिणेला उतरणारी रेल्वे १८६७ सालची आहे. खिंड ओलांडली की इटली. पण घरे, बाल्कनीतली फुले, पानातले पावाचे गोळे तेच राहतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा दक्षिण टिरोल प्रांत ऑस्ट्रियाचाच होता. ऑर्टिझेईच्या खोऱ्यात इटालियन आणि जर्मनबरोबर लादिन ही तिथली जुनी भाषाही बोलली जाते. गावातून केबल कारने सुमारे २००० मीटरवरील आल्पे दि सिउझी या विस्तीर्ण कुरणावर जाता येते. संध्याकाळी डोलोमाइटचे फिके कडे गुलाबी होतात ते पाहायला कुठेही चढावे लागत नाही. शाकाहारी माणसाचे इथे उत्तम भागते. पास्ता आहे, आणि मक्याच्या पिठाची पोलेंटा आपल्या सांज्याची आठवण करून देते.

खोली निवडताना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. लिफ्ट आहे का? आणि स्नानगृहात उंच कडेच्या टबात चढून उभे राहावे लागते का? डोंगरी गावांतल्या जुन्या घरांत लाकडी जिने अरुंद असतात, आणि प्रवासात घसरून पडण्याला स्नानगृहासारखी दुसरी जागा नाही.

आता महिन्याचा प्रश्न. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे किंवा दिवाळी, आणि आल्प्समधल्या अनेक केबल कार नेमक्या याच दोन हंगामांच्या सांध्यात दुरुस्तीसाठी बंद असतात. मुले मोठी झाली, आता शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नाही, याचा लाभ घ्यावा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ चांगला, त्यातही सप्टेंबर. ज्या वर्षी गणपती लवकर येतात त्या वर्षी गौरी-गणपती आटोपून निघता येते. घरी पक्षाचे श्राद्ध असेल तर ती तिथी पाहून तिकिटे काढावीत.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री त्याच देशाकडे तो करायचा असतो. या आखणीत स्वित्झर्लंडकडे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मात्र पूर्वीचे आजार विम्याच्या अर्जात लपवू नयेत, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते वाचावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. औषधे दीडपट घेऊन, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेल्या चिठ्ठीबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये. गोठले, की ते निकामी होते.

राहिले घर. ज्यांच्या घरी शुश्रूषेची गरज असलेले ज्येष्ठ आहेत, त्यांनी विमानाच्या तिकिटाआधी ही व्यवस्था करावी. शक्यतो ज्येष्ठांना हलवू नये, मदतनीसाला किंवा भावंडाला घरी आणावे. स्मृतिभ्रंश असेल तर हे फार महत्त्वाचे, कारण परक्या घरात गोंधळ वाढतो. नवा माणूस निदान आठवडाभर आपल्या देखत काम करू दे. मग एकदा चार दिवस महाबळेश्वरला जाऊन यावे. वडील दुसऱ्याच्या हातून जेवतात का, रात्री किती वेळा उठतात, हे तेव्हाच कळते, आणि आपल्या गुडघ्यांचीही परीक्षा होते. कोणत्या प्रसंगी आपल्याला परत बोलवायचे हे आधी ठरवून लिहून ठेवावे: पडणे, रुग्णालयात दाखल होणे, शुद्ध हरपणे. साध्या सर्दीसाठी नाही.

घरी राहणारे ज्येष्ठ आपण स्वतःच असाल तर ‘जा तुम्ही, माझे काय’ असे म्हणून थांबू नका. कोण सोबतीला हवे, कोणाचा हात लागलेला चालत नाही, हे मोकळेपणे सांगा. दुखणेही दडवू नका. मुलगा-सून निघण्याआधी डॉक्टरांना दाखवलेले बरे.

फोनची वेळ एकच ठरवावी. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. संध्याकाळी शेवटची केबल कार पकडण्याची घाई असते, म्हणून सकाळ उत्तम. तिथे आठ वाजता आपला नाश्ता झालेला असतो, इथे साडेअकराला आईची आंघोळ आणि देवपूजा आटोपलेली असते, आणि काही विचारायचे निघालेच तर डॉक्टरांचा दवाखानाही उघडा असतो.