मोकळ्या जागेतला यू-रॉय

जमैकाचा डीजे यू-रॉय गाण्यात कुठे थांबतो, ते ऐकायला मला फार आवडतं. 'वेअर यू टू द बॉल' हे मुळात द पॅरागॉन्सचं संथ प्रेमगीत. त्यांच्या गायकाचा, जॉन होल्टचा मऊ आवाज एक ओळ गातो आणि मध्येच विरून जातो. मागे बेसचा ठेका तेवढा चालू राहतो. त्या मोकळ्या जागेत यू-रॉय किंचाळत शिरतो, गायकाला दाद देतो, छेडतो, शब्दांची लड सोडतो आणि होल्ट परतला की अदबीनं बाजूला सरतो. होल्टचा आवाज कधीचा टेपवर गोठलेला, तरी दोघं शेजारी उभे राहून गातायत असंच वाटतं.

जमैकात रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टर. माइक धरून तिच्यावर बोलतो तो डीजे. इवर्ट बेकफर्ड ऊर्फ यू-रॉय १९४२ साली किंग्स्टनच्या जोन्स टाउनमध्ये जन्मला आणि १९६१ पासून साउंड सिस्टिमवर बोलू लागला. उघड्या मैदानात कपाटाएवढे स्पीकर रचायचे आणि रात्र जागवायची, असा तो मामला. काउंट मॅचुकीसारखे थोरले तिथे आधीपासून होतेच, पण ते गाण्याच्या कडेकडेनं चटकदार वाक्यं टाकत. ध्वनितंत्रज्ञ किंग टबीनं गायकाचा आवाज जागोजागी पुसलेल्या तबकड्या बनवल्या, तेव्हा यू-रॉयला अख्खं गाणं मोकळं मिळालं.

ते ऐकून रेकॉर्ड-निर्माता ड्यूक रीडकडे त्याची शिफारस केली ती जॉन होल्टनंच. आपल्या गाण्यात घुसणाऱ्याचं असं कौतुक करायला मन मोठं लागतं. १९७० साली जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले तीनही क्रमांक एकाच वेळी यू-रॉयचे होते. ठेक्यावर बोलण्याची ही रीत पाहता रॅपची कहाणी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सपासून सुरू करतात, ते मला अपुरं वाटतं. तिथे गाजलेला डीजे कूल हर्क किंग्स्टनहूनच आलेला.

१९७५ च्या 'ड्रेड इन अ बॅबिलॉन'नं त्याला परदेशात नाव दिलं. मला मात्र त्यानंतरचा यू-रॉय अधिक जवळचा. त्यानं स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली, मुलांच्या नावांवरून तिला 'स्टर-गॅव्ह' म्हटलं आणि माइक पोरांच्या हाती दिला. रँकिंग जो, चार्ली चॅप्लिन, जोझी वेल्स तिथेच तयार झाले, डान्सहॉलमध्ये गाजले. त्यांच्यात यू-रॉयची नक्कल कुणीच नाही. रँकिंग जोची जीभ विजेसारखी पळते. जोझी वेल्स जड, खरखरीत आवाजात सावकाश बोलतो आणि गर्दी कान देऊन ऐकते.