पाच फायदे, तीन तोटे आणि आजी

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण शाळेच्या व्हॅनमध्ये दप्तर मांडीवर घेऊन दाटीवाटीने बसत असतील. तेवढ्याच गाडीत गादी, ओटा आणि दिवे बसवून चार माणसं रात्री झोपतात, असं कुणी सांगितलं तर? थाप वाटेल ना? पण मी स्वतः झोपले आहे, म्हणून सांगते!

गेल्या नोव्हेंबरात आई आणि मी ताईकडे गेलो होतो. ताई जपानमध्ये हामामात्सु शहरात राहते. तिला आणि भावोजींना अशी एक छोटी घरगाडी घ्यायची होती. माझी दहा वर्षांची भाची तर गाडीचं माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायची. ताई म्हणाली, “आधी भाड्याने घेऊन बघू, मग ठरवू.” भावोजींना रजा नव्हती. मग आम्ही चौघीच निघालो, फुजी पर्वताच्या पायथ्याशी, आसागिरीच्या पठारावर.

जपानमध्ये छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्गच आहे. त्यांना ‘केई’ म्हणतात. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर. १९९८ सालापासून ही मापं ठरलेली आहेत. इंजिनही ६६० सीसीच्या आतलं. आपल्याकडे १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, सुझुकीच्या अशाच एका गाडीवरून घडवलेली होती. आमच्या गाडीचं छप्पर वर उचललं, की वरच्या माडीवर दोघी आणि खालच्या गादीवर दोघी!

भाचीने वहीत दोन रकाने आखले. फायदे: एक, अरुंद गल्लीतही गाडी सहज वळते. दोन, कर कमी आणि टोलही कमी. तीन, एरवी बाजारहाटाला हीच गाडी. चार, हॉटेलचा खर्च नाही. पाच, डोळे उघडले की समोर फुजी! तोटे: एक, चढावर गाडीला दम लागतो आणि वारा सुटला की ती डुलते. दोन, रात्री इंजिन बंद, त्यामुळे कुडकुडायचं. तीन, गाडीत स्वच्छतागृह नाही.

या तिसऱ्या तोट्यावर उपाय होता. रस्त्यात ‘मिचि-नो-एकि’ नावाचे थांबे लागतात. तिथली स्वच्छतागृहं चोवीस तास उघडी असतात. पण हे थांबे चालकांच्या विसाव्यासाठी. तिथे खुर्च्या मांडून मुक्काम ठोकायचा नसतो. म्हणून आम्ही पैसे भरून तंबूवाल्यांच्या मैदानात उतरलो. तिथलं स्वच्छतागृह शंभरेक पावलांवर होतं.

सकाळी फुजीच्या माथ्यावरचं बर्फ गुलाबी झालं होतं. भाची ओरडली, “पाच विरुद्ध तीन! गाडी घ्यायचीच!”

तेवढ्यात ताईने चहासाठी आईची पाण्याची बाटली उचलली. ती काठोकाठ भरलेली होती.

“आई, तू कालपासून पाणीच प्यायली नाहीस?”

आई ओशाळली. “अगं, रात्री उठावं लागलं असतं, तर तुला ओलांडून जायचं, दार सरकवायचं, त्या थंडीत चालायचं... माझे गुडघे हे असे. उगाच तुमची झोपमोड कशाला?”

कुणीच काही बोललं नाही. भाचीने चौथा तोटा लिहिला. “अजूनही पाच-चार,” ती पुटपुटली. मग पेन्सिल थांबली. “पण मावशी, हा एकटाच बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड आहे ना?”

आईने तिला जवळ घेतलं. “जड आहे, पण तो माझ्यापुरता. मी येणार चार वर्षांतून एकदा. तुम्ही तिघं दर सुट्टीत फिराल. माझ्यासाठी अडून बसू नका.”

पुढे ताईने जुनी केई घरगाडी घेतली. तिच्या दारावर आतून भाचीच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: ‘आजी बरोबर असेल तेव्हा रात्री खोलीत मुक्काम. आजीने पाणी प्यायचंच!’

तुम्हीही एखादी वस्तू घेताना असे दोन रकाने आखत असाल. जरूर आखा. पण मुद्दे नुसते मोजू नका, त्यांचं वजनही करा. आणि वही मिटण्यापूर्वी घरात कोण गप्प आहे तेवढं बघा. त्या माणसाचा मुद्दा अजून लिहायचा राहिला असेल!