बाबाच्या टेबलावरचा पिस्टन

पुणे, २२ जानेवारी

चि. मुक्ता,

परवा व्हिडिओ कॉलवर तू बाबाच्या टेबलावरच्या, पेनं ठेवायच्या त्या धातूच्या डब्याबद्दल विचारलंस आणि तुझा बाप ‘काही नाही गं, भंगार आहे’ म्हणत चहा टाकायला उठला. आयुष्यात कधी चहा न टाकलेला माणूस! तेव्हाच म्हटलं, हे आता मलाच लिहावं लागणार.

तो आमच्या येझदीचा पिस्टन आहे. पुढच्या खेपेला आलीस की पेनं काढून उजेडात धर. एका अंगाला वरून खालपर्यंत उभे ओरखडे दिसतील, नख अडकेल इतके खोल. त्या बाजूला रिंगा खाचेत जाम बसल्यात आणि वितळलेलं ॲल्युमिनियम त्यांच्यावरून फासलं गेलंय.

तू केम्निट्झला आहेस म्हणून मुद्दाम सांगतो. तुझ्याच गावच्या वांडरर कारखान्याने मोटरसायकलचा धंदा विकायला काढला, तो १९२९ साली प्रागच्या यानेचेकने घेतला आणि त्यातून जावा निघाली. पुढे १९६१ पासून ती म्हैसूरला बनायला लागली आणि १९७३ मध्ये तिथली गाडी येझदी झाली. तेव्हा त्या ‘भंगारा’चं आजोळ तुझ्या खोलीपासून फार लांब नाही.

तर, १९८६ चा डिसेंबर. भोरवरून वरंधा घाट उतरून महाड आणि तिथून रायगड, असा बेत. गाडीचं बोअर करून नवा पिस्टन टाकलेला, म्हणजे गाडी रनिंगमध्ये. अशी गाडी चाळिशीच्या वर न्यायची नाही आणि लांब चढाला मधेमधे थांबवून गार करायची. त्यात ज्याने बोअर केलं त्याने ते अंमळ टाइट ठेवलेलं, पण ते आम्हाला नंतर कळलं.

मी मागे बसलो होतो आणि बाबाचा एक मित्र राजदूतवर होता. कात्रज, कापूरव्होळ, भोर इथपर्यंत तुझा बाप अगदी शहाण्यासारखा चालवत होता. भोर सोडल्यावर राजदूतने आम्हाला मागे टाकलं. पावणेदोनशेच्या राजदूतने अडीचशेच्या येझदीला! झालं. हिरडोशीच्या पुढे चढाला आम्ही तिला गाठली तेव्हा वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

इंजिनाचा आवाज आधी कोरडा झाला, मग टिणटिण ऐकू यायला लागली. मी खांद्यावर थाप मारेपर्यंत मागचं चाक गच्च धरलं आणि गाडी रस्त्यावर काळी रेघ ओढत घसरली. त्याने क्षणात क्लच आवळला, म्हणून मी आज हे पत्र लिहितोय. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, मधलं तेलाचं पापुद्र्याएवढं अस्तर जातं आणि पिस्टन आतल्या आत अडकतो.

अर्ध्या तासाने गाडी गार झाली, किक खाली गेली, इंजिन चालूही झालं. तेवढ्यात क्लचची वायर तुटली; मघाशी जीव खाऊन आवळली होती ना. पण येझदीत गिअरचा दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो, आणि तोच दांडा उभा फिरवला की किक होतो. इतकं डोकं लावून केलेली गोष्ट मी दुसऱ्या गाडीत पाहिली नाही. वायरीशिवाय, रडतखडत, पिस्टन आणखी एकदा अडकवून घेत आम्ही वाघजाईच्या देवळापाशी पोचलो.

तिथे कांदाभजी खाता खाता जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. मित्र म्हणे, दोरी बांधून भोरला परत ओढतो. तुझा बाप म्हणे, पुढे सगळा उतारच आहे. एक माकड आमची दुसरी प्लेट घेऊन गेलं आणि वाद मिटला.

घाट उतरलो तो इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. ही चैन नव्हती. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. उताराला थ्रॉटल बंद ठेवून इंजिन फिरत राहिलं तर ते कोरडंच घासतं. मोटरसायकलवर बसून आपण पाखरांचे आवाज ऐकतोय हे मला तिथे पहिल्यांदाच कळलं. ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास मात्र थेट खालपर्यंत नाकात होता. सपाटीला लागल्यावर राजदूतच्या मागे दोरी बांधून महाडपर्यंत गेलो. ज्या राजदूतला हरवायचं होतं, तिच्याच मागे!

महाडच्या मेकॅनिकने हेड उघडलं, सिलिंडर वर ओढलं, पिस्टन बाहेर काढला आणि पुसून तुझ्या बापाच्या हातात ठेवला. बोलला काहीच नाही. सुटा भाग पुण्याहून आणायचा होता, त्यामुळे गाडी तिथेच ठेवून आम्ही दोघे एस.टी.ने परत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन त्याच्या मांडीवर. घरी आल्यावर आईने, म्हणजे तुझ्या आजीने, विचारलं, “रायगड कसा होता?” हा म्हणाला, “चांगला आहे.”

एक्स्प्रेसवेवर सत्तरच्या पुढे काटा जाऊ देत नाही म्हणून तू त्याला चिडवतेस. आता पुढच्या कॉलला पिस्टनचं विचार. तो म्हणेल, बोअर टाइट होतं. ते खरंच होतं. मग हिरडोशीच्या चढाला काटा कुठे होता, तेही विचार.

तुझा,
नानाकाका