कोकोच्या बागेत दोन दिवस

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम पार पडला आणि त्याच आठवड्यात आम्ही सहा जण मंगळूरला निघालो. साल २०२५. सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, लेण्या पाहायला जातात. आम्ही कोकोची झाडे पाहायला चाललो आहोत असे विहारात सांगितले तेव्हा मंडळी हसली. पण या प्रवासामागे एक डबा होता, तो आधी सांगितला पाहिजे.

आमच्या वस्तीत एक काका आहेत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, आता घरीच असतात. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू. २०२४ च्या दिवाळीत ओळखीतल्याच एकाने त्यांना कोको पावडरीचा डबा दिला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकायचा, असा तो धंदा. किंमत अठराशे रुपये, महिन्याला एक डबा. वर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळक अक्षरांत आणि शेजारी लाल हृदयाचे चित्र. तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असेही छापलेले होते, पण ते काकांना कोणी वाचून दाखवले नाही. काकांनी डबा सुरू केला आणि गोळी बंद केली. दीड महिन्याने चक्कर येऊन मोरीत पडले. दवाखान्यात वरचा दाब दोनशेच्या घरात निघाला. जीव वाचला, पण डब्यावरचा विश्वास काही गेला नाही. "अरे, ते झाडापासून आहे, झाड काय खोटं बोलतं का?" असे ते म्हणायचे. तेव्हा आम्ही ठरवले की चला, झाडालाच विचारून येऊ. आपल्या धम्मात 'एहि पस्सिको' म्हणतात, या आणि पाहा. काकांना सोबत घेतले.

कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळूरला पोहोचवते. संध्याकाळी वीर स्टेशन मागे पडले. इथून महाड जवळ. आमच्यातल्या ताईंनी पोरांना खिडकीशी बोलावून १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगितला. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थही ऐकत बसले. पुढे बोगदे लागले, बोलणे बंद झाले, डबे उघडले, भाकरी-चटणी झाली.

मंगळूरला आमच्या मावशींचा भाचा रेल्वेत आहे. त्याने आधी कद्रीला नेले. हे ठिकाण आपल्या लोकांनी जरूर पाहावे. टेकडीच्या पायथ्याशी मंजुनाथाचे मंदिर आहे आणि आत लोकेश्वराची कांस्यमूर्ती आहे. लोकेश्वर म्हणजे अवलोकितेश्वर. तीन मुखे, सहा हात. मूर्तीच्या पीठावर संस्कृत लेख आहे. आळुप राजा कुंदवर्मा याने सन ९६८ मध्ये कदिरिका विहारात ही मूर्ती स्थापन केली, असे तो लेख सांगतो. विहारात, मंदिरात नव्हे! हजार वर्षे ती मूर्ती तिथे बसून आहे, भोवतालची नावे मात्र बदलली. आम्ही हात जोडले, मनातल्या मनात त्रिशरण म्हटले आणि बाहेर आलो. काका बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने बी. सी. रोड, कल्लडका करीत विट्टलकडे गेलो. विट्टल हे लहानसे गाव. पण नारळ-सुपारीवर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेचे एक उपकेंद्र इथे आहे आणि तिथे सुपारी व कोको या दोन पिकांचा अभ्यास होतो. वाटेत दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. सरळसोट खोडे आणि त्यांच्या सावलीत ठेंगणी, रुंद पानांची झाडे. तीच कोको. या झाडाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून ते नारळ-सुपारीच्या आश्रयाने वाढते. फळे फांदीच्या टोकाला लागत नाहीत, आपल्या फणसासारखी थेट खोडाला चिकटून लोंबतात. पिवळी, तांबूस, हिरवी. पोरांना ती झाडाला कोणी बांधून ठेवली असावीत असेच वाटले.

भाच्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची दोन एकरांची बाग आम्ही पाहिली. घरमालक तुळू बोलतात, पण मंगळुरी कोकणी त्यांना येते. आमची मालवणी आणि त्यांची कोकणी यांचे चांगले जमले. आवारात चार बाया फळे फोडत बसल्या होत्या. कोयता वापरत नाहीत, बी कापली जाते. फळ लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचे, दोन भाग करायचे आणि आतली पांढऱ्या गरातली बियांची लड बोटांनी ओढून घ्यायची. एका फळात तीस-चाळीस बिया. गर आंबट-गोड, सीताफळाची आठवण करून देणारा. पोरांनी चोखून चोखून तोंडे चिकट करून घेतली.

मग या बिया टोपलीत भरून केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच-सहा दिवस आंबवतात. मधून मधून वरखाली करावे लागते. आतून चांगली ऊब येते, हात घातला तर कळते. त्यानंतर उन्हात वाळवण. तीन किलो ओल्या बियांची जेमतेम एक किलो सुकी बी होते. त्या दिवसांत पाऊस लवकर आला होता. २४ मे रोजी तर मोसमी पाऊस केरळात दाखलच झाला. वाळत घातलेल्या बिया दिवसातून तीनदा आत-बाहेर करताना बायांची कंबर मोडत होती.

इथे आम्हाला जी गोष्ट समजली ती डब्यावर कुठेच लिहिलेली नाही. ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात ती कोकोतली द्रव्ये म्हणजे फ्लॅव्हनॉल. एपिकॅटेचिन हे त्यातले मुख्य नाव. कच्ची बी चावली की जीभ आखडते, तोंड तुरट-कडू होते, ती चव बरीचशी याच द्रव्यांची. बी आंबवतात, भाजतात ती हीच कडूशार चव कमी व्हावी आणि चॉकलेटचा वास यावा म्हणून. म्हणजे चव वाढते तसे फ्लॅव्हनॉल घटते. पावडर काळपट आणि सौम्य व्हावी म्हणून तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करतात, त्यात तर ते फारच कमी होते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली, डच लोकांची, म्हणून तिला आजही डच प्रक्रिया म्हणतात. काकांच्या डब्यातली पावडर काळी कुळकुळीत आणि गोड होती! आम्ही डबा सोबत नेला होता. त्यावर फ्लॅव्हनॉल किती मिलीग्रॅम याचा आकडा शोधून सापडला नाही.

म्हणजे सगळेच थोतांड आहे का? तसेही म्हणता येणार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली मत दिले की रोज २०० मिलीग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल पोटात गेले तर रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते. त्यासाठी खास प्रक्रिया केलेली, फ्लॅव्हनॉल राखलेली पावडर अडीच ग्रॅम पुरते. साधी पावडर नव्हे, खास. अर्ज केला होता एका बड्या कोको कंपनीने. मग अमेरिकेत २१ हजारांवर वयस्कांवर मोठी चाचणी झाली. त्यांना रोज ५०० मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या गोळ्या देऊन सुमारे साडेतीन वर्षे पाहिले. निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण चाचणीचा जो मुख्य प्रश्न होता, हृदयविकाराचे एकूण झटके आणि त्यासारखे त्रास कमी होतात का, त्याचे ठाम उत्तर 'हो' असे आले नाही. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने अशा पावडरीच्या वेष्टनावर दावा छापू दिला, पण पुरावा फारच मर्यादित आहे हे शब्द त्यातच घालायला लावून. रक्तदाबाची गोळी सोडून हे घ्या, असे यांपैकी कोणीच म्हटलेले नाही.

आणखी एक गंमत. अमुक फळाची अँटिऑक्सिडंट ताकद इतकी, असे आकडे जाहिरातीत येतात. ते परीक्षानळीतले आकडे. अमेरिकेच्या शेतीखात्याने अशी यादीच ठेवली होती, ती त्यांनी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण कंपन्या तिचा गैरवापर करू लागल्या. नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडते असे नाही. कोकोचा जो काही गुण दिसतो तो रक्तवाहिन्या सैल होण्याचा आहे, गंज काढण्याचा नव्हे. आणि याच कुळातली द्रव्ये आपल्या चहातही आहेत, सफरचंदात, द्राक्षात आहेत. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मग अठराशे रुपयांत महिन्याचा चहा आणि वर पोरांना द्राक्षं होतील की!"

शेतकरी दादांना आम्ही विचारले, या औषधी बाजाराचा तुम्हाला काय फायदा? ते म्हणाले, फायदा नाही, घोटाळा मात्र होतो. चॉकलेटवाला म्हणतो नीट आंबवून आणा. अर्क काढणारा म्हणतो आंबवूच नका, कडूपणा राहू द्या. ओली बी विकावी की सुकी, थांबावे की आजच द्यावी, हा जुगार दर हंगामाला. पूर्वी १९८० च्या सुमारास भाव कोसळला, खरेदी करणाऱ्या कंपनीने हात आखडला आणि लोकांनी झाडे तोडून टाकली. तेव्हा 'कॅम्पको' ही सुपारी-कोको उत्पादकांची सहकारी संस्था, जी १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन झाली होती, खरेदीत उतरली. तिने १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा. परतताना आम्ही पुत्तूरला जाऊन तो बाहेरून पाहिला. फाटकाशी उभे राहिलो तेव्हा वाऱ्याबरोबर भाजल्या कोकोचा वास आला.

२०२४ साली आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये, हवामानाने व रोगाने पीक बुडाले. जगातला निम्म्याहून जास्त कोको त्या दोन देशांतला. न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला दहा हजार डॉलरच्या वर भाव गेला, आमच्या दक्षिणेत सुक्या बियांना किलोला हजार रुपयांच्या वर. वर्षभरात तो निम्म्यावर आला आणि आंध्रातल्या शेतकऱ्यांना भावासाठी रस्त्यावर बसावे लागले. त्याच आफ्रिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कोकोच्या शेतीत राबणारी सुमारे साडेपंधरा लाख मुले मोजली गेली. डब्यावरचे लाल हृदय पाहिले की आम्हाला आता ती मुलेही दिसतात.

हजाराचा भाव आला त्या वर्षी तुमचा रोज किती वाढला, असे ताईंनी फळे फोडणाऱ्या बायांना विचारले. भाच्याने तुळूत सांगितले. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या आणि पुढचे फळ उचलले. त्यातल्या एकीने हात पुसून मोबाईल काढला. पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो होता. तिने तो आमच्यापुढे धरला आणि म्हणाली, "जय भीम." मग भाषेची गरज उरली नाही. तिची मुलगी मंगळूरला नर्सिंग शिकते हे खुणांनीच कळले. निघताना तिने ताईंच्या पिशवीत दोन पिकली फळे घातली, मालकांना विचारून.

परतीच्या गाडीत रत्नागिरी सोडल्यावर आम्ही एक फळ फोडले. काकांनी गर न खाता एक कच्ची बी सोलली, आत जांभळी निघाली, ती दाताखाली धरली आणि तोंड वाकडे करून खिडकीबाहेर थुंकले. "हे असं असतं होय!" म्हणाले. मग सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, पाणी मागितले आणि पोरांना विचारले, "आज तारीख कितवी रे? पुढच्या सोमवारी दाब तपासायला जायचंय."