तळ्याच्या तळचे कुरण

वाचकहो, गोंदिया जिल्ह्यातून समुद्र पाहायला निघालात, तर कुठल्याही दिशेने पाचशे किलोमीटरच्या वर जावे लागेल. आमच्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिलेलाच नाही. तरीही आज मी तुम्हाला समुद्रगाईपासून सुरुवात करून नवेगाव बांधच्या तलावावर नेणार आहे. दोघांचे नाते लांबचे वाटले तरी ते खरे आहे, आणि ते पाण्याखालच्या गवताचे आहे.

समुद्रगाय म्हणजे डुगाँग. मासा नव्हे, पिलाला अंगावर पाजणारे, हवेसाठी दर थोड्या वेळाने वर येणारे जनावर. त्याचे जवळचे सोयरे म्हणजे हत्ती! वजन तीन-चारशे किलोपर्यंत भरते. आपली गाय जशी कुरणात चरते तशी ही उथळ समुद्रातल्या गवतावर चरते आणि दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाते. मुळासकट उपटून खाते, म्हणून ती चरून गेलेल्या जागी वाळूत नांगराच्या तासासारखा पट्टा उमटतो. आपल्या देशात ती कच्छचे आखात, तामिळनाडूकडची पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचे आखात, आणि अंदमान एवढ्याच ठिकाणी उरली आहे. वेतात कित्येक वर्षांचे अंतर आणि एका वेळी एकच पिलू, त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला पिढ्या लागतात. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र तिच्यासाठी जाहीर केले. त्यात मुख्य राखायचे आहे ते गवतच. गवत राहिले तर गाय राहील.

आता या समुद्रगवताची कुळी ऐका. नावाने गवत असले तरी ते धान, ज्वारी किंवा कुंद्याच्या कुळातले नाही. त्यातल्या हॅलोफिला, एन्हॅलस, थॅलासिया या जाती ज्या कुळात मोडतात, त्याच कुळात आपल्या तळ्यांतली हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया मोडतात. एक भाऊ खाऱ्या पाण्यात गेला, दुसरा गोड्या पाण्यात राहिला, असे म्हणा. वॅलिस्नेरिया तुम्ही पाहिली असेल. हाताच्या बोटाएवढी रुंद, फितीसारखी लांब हिरवी पाने पाण्यात डोलत असतात. तिचे लग्न मोठे मौजेचे. मादीफूल स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले बारीक, ती तळाशीच देठापासून सुटतात, वर येऊन तरंगतात आणि वाऱ्याने लोटत मादीफुलाला जाऊन भिडतात. पुढे देठ आखडतो आणि फळ पाण्याखाली धरते. समुद्रातल्या एन्हॅलसची रीतही हीच. पाचशे किलोमीटरचे अंतर पडले, खारे-गोडे झाले, तरी कुळाचार मोडला नाही.

तर आता नवेगाव बांधला चला. मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमारा लागते, तिथून दक्षिणेकडे वळायचे. रेल्वेने आलात तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर देवलगावला उतरायचे. तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा, भोवती सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या. हा निसर्गाने दिलेला सागर नव्हे, माणसाने बांधलेला आहे. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तळे बांधणाऱ्याला जमीन मिळे, आणि कोहळी समाजाने या विद्येत हात इतका बसवला, की पूर्व विदर्भात सहा हजारांवर तलाव उभे राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. लोक अजूनही त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, आईचा भाऊ नव्हे! तरी पाहुण्यांचा घोटाळा होतोच.

धानाचा शेतकरी तळ्याकडे पाहतो तो तुडुमातून. तुडुम उघडले, पाणी बांधीत आले, रोवणी वाचली, की त्याचे समाधान. त्यात गैर काही नाही. माझीही नोकरीची बरीच वर्षे पाणी किती आणि कुठवर पोचेल हे मोजण्यातच गेली. पण तळ्याचे दुसरे खातेदार आहेत ढीवर. त्यांची नजर पाण्याखाली असते. एका वृद्ध ढीवराने मला एका वाक्यात सांगितले होते, “साहेब, गवत गेला त मासा कायले राहील?”

त्याचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरते. पाण्याखालची वनस्पती उन्हात प्राणवायू सोडते. तिच्या पानांवर सूक्ष्म शेवाळ धरते, शेवाळावर गोगलगायी आणि किडे जगतात, किड्यांवर माशांची पिले. मरळ, शिंगी अशा गावठी माशांना लपायला आणि पिलांना वाढायला तीच जागा. मुळे तळचा गाळ धरून ठेवतात, म्हणून पाणी नितळ राहते. पाणी नितळ म्हणून ऊन तळापर्यंत पोचते. ऊन पोचते म्हणून गवत वाढते. हे चक्र एकदा उलटे फिरले, की गढूळ पाण्यात उरलेले गवतही मरते. समुद्रातही नेमके असेच होते. तिथे जाळी तळ खरवडतात आणि किनाऱ्यावरून गाळ येतो, एवढाच फरक.

आमच्याकडे चक्र उलटे फिरवणारे तिघे आहेत. पहिली बेशरम. दक्षिण अमेरिकेकडची ही झुडुपी वेल तळ्याच्या काठाने अशी माजली की काठच दिसेनासा झाला. ढोर तिला तोंड लावत नाही, कारण ती विषारी. तोडून टाकली तर तोडलेल्या कांडीलाही मूळ फुटते. दुसरा पाहुणा मासा. गवत्या मासा १९५९ साली परदेशातून देशात आला. हायड्रिला म्हणजे त्याचे पक्वान्न. तण माजलेल्या तळ्यात तो कामाचा आहे हे खरे, पण जिथे गवत आधीच विरळ तिथे तो सोडणे म्हणजे उभ्या पिकात रेडा सोडणे. सायप्रिनस गवत कमी खातो, मात्र तळचा चिखल डुकरासारखा उकरतो. तिसरे आम्ही शेतकरी. धानातले तणनाशक आणि युरिया पावसाबरोबर धुऱ्यावरून वाहतात आणि खालच्या तळ्यात उतरतात. तणनाशकाला बांधीतले तण आणि तळ्यातले गवत यांतला भेद कळत नाही.

ही गोष्ट रडगाण्यावर संपत असती तर मी लिहिलीच नसती. भंडाऱ्याच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढीवरांच्या या विद्येची नोंद घेतली आणि त्यांच्याच हातांनी तळी दुरुस्त करण्याचे काम या भागात उभे केले. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या बायका त्यात पुढे आल्या. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढायची, घट्ट झालेला तळ नांगरून मोकळा करायचा, आणि पावसाचे पाणी साचू लागले की चांगल्या तळ्यातून आणलेली हायड्रिला, वॅलिस्नेरिया, कुमुदिनी लावायची. ही रोवणीच आहे, बंधूंनो. फक्त बांधीऐवजी तळ्यात. पाल्कच्या किनाऱ्यावरही बांबूच्या चौकटीला काथ्याची दोरी बांधून समुद्रगवताची रोपे अशीच लावली जातात. एका ठिकाणी समुद्रगाईसाठी, दुसऱ्या ठिकाणी मरळीसाठी.

आणि सारसासाठीही. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदियात, तोही मोजका. दर जूनमध्ये वनखाते, सेवा संस्था आणि गावकरी मिळून त्यांची गणती करतात. आकडा काही दहांतच राहतो. सारस पाणथळीतल्या लव्हाळ्याचे कंद उकरून खातो, देवधान खातो आणि घरटे पुष्कळदा धानाच्या बांधीतच घालतो. घरट्यापुरते धान मोडते, पण ते जपणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत, हे मी अभिमानाने लिहितो.

आता तुमच्या गावच्या तळ्याचे. सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेत २०१७ पासून तलावांचा गाळ शेतात नेता येतो. न्यावा, हलक्या जमिनीला तो सोन्यासारखा आहे. पण यंत्राने सगळे तळे काठापासून काठापर्यंत ताटासारखे साफ करू नये. वरच्या थरातच गवताचे कंद आणि बी असते. काठाकडचा उथळ पट्टा, जिथे पाणी गुडघा-मांडीभर राहते, तो तसाच सोडायला ग्रामसभेत सांगा. गाळ मधल्या खोल भागातून काढा. बेशरम काढायची तर उन्हाळ्यात, मुळासकट काढून उंचावर वाळवा आणि वाळल्याशिवाय हलवू नका. मत्स्यबीज आणताना संस्थेला विचारा, गवत्या किती? तणनाशक मारल्यावर चार दिवस तरी बांधीतले पाणी सोडू नका. आमच्याकडे हे चार दिवस पाळणे सर्वांत जड जाते, कारण वरच्याची बांधी भरली की खालचा ओरडतो.

नवेगावला यायचे तर डिसेंबर-जानेवारीत या. पहाटे पारेवर उभे राहिलात की वारकरी पक्ष्यांचे काळे थवे दिसतील, तलवार बदके दिसतील. डोके खाली आणि शेपटी वर करून ती तळचे गवत ओढत असतात. मारुती चितमपल्लींनी या तलावाविषयी लिहिले ते वाचून शहरातली माणसे येतात आणि दुर्बिणीने पक्षी पाहून जातात. तुम्ही डोंगा मिळाला तर थोडे आत जा, डोंगा थांबवा, आणि काठावरून वाकून सरळ खाली पाहा. ऊन वर आले की फितीसारखी पाने हलताना दिसतात. त्यांत बोटाएवढ्या माशांची झुंड असते, आणि सावली पडताच ती पानांत नाहीशी होते.