आधी लाइन, मग खाट

मुंबई बघायची म्हणून मुंबईला जाणं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. आजवर गेले ती लग्नाला, बारशाला, फार तर डोंबिवलीच्या वन्संकडे. उतरायचं कुठे हा प्रश्नच नसायचा. या वेळी मात्र दिवाळीच्या सुट्टीत एकटीने जायचं ठरवलं. म्युझियम निवांत बघायचं, जहांगीरला चित्रं बघायची, घारापुरीची लेणी, आणि एका रात्री दादरच्या शिवाजी मंदिरला नाटक. शाळेतली तरुण सहकारी म्हणाली, "मॅडम, हॉटेल कशाला? हॉस्टेलमध्ये बेड घ्या, निम्म्याहून कमी पैशांत होईल."

त्या रात्री फोन घेऊन बसले आणि पार गोंधळले. मिक्स्ड डॉर्म, फीमेल डॉर्म, चार बेडचा, सहाचा, दहाचा. कुठे न्हाणीघर खोलीतच, कुठे मजल्यावर सामाईक. एका ठिकाणी डॉर्मला वयाची अट होती, म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या मला तिथे जागाच नव्हती. एकीकडे ठळक लिहिलेलं, लोकल आयडी चालणार नाही. माझं सोलापूरचं आधार कार्ड चालेल की नाही? फोन केल्यावर कळलं की अडचण मुंबईचा पत्ता असलेल्यांची आहे, बाहेरगावच्यांची नाही. सोमवारी दिसलेला भाव शनिवारी वेगळा, आणि शेवटच्या पानावर त्यात कर मिळवलेला. रद्द केलं तर पैसे परत मिळणार की नाही, हे तर अगदी खाली बारीक अक्षरांत.

पण खरी अडचण नकाशाने केली. अंधेरी-मरोळकडे नव्या, चकचकीत जागा दिसत होत्या, स्वस्तही. फोर्ट आणि कुलाब्यात त्याच पैशांत खोली लहान आणि इमारत जुनी. माझं मन अंधेरीकडे झुकलं. शेवटी वन्संना फोन केला. त्यांनी भाव विचारला नाही, रेटिंगही नाही. म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला जायचंय कुठं कुठं ते सांगा. मुंबईत आधी लाइन ठरवायची, मग खाट."

मग वही काढली. सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोचवते. म्युझियम, जहांगीर आणि घारापुरीची लाँच सुटते ते गेटवे, हे सगळं तिथून चालत किंवा जवळच्या टॅक्सीच्या अंतरावर. अंधेरी चर्चगेटपासून बावीसेक किलोमीटर. फास्ट लोकलने पाऊण तासाच्या आत, हे खरं. पण हॉस्टेल ते स्टेशन रिक्षा, सकाळची गर्दी, संध्याकाळी तेच उलटं. शिवाय रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे दक्षिणेत येतच नाहीत, हे मला वन्संनी सांगितलं तेव्हा कळलं. नाटक सुटायला रात्र होणार. दादर सेंट्रल लाइनवरही आहे, म्हणून सीएसएमटीची लोकल थेट मिळणार. नवी भुयारी मेट्रो दादर आणि सीएसएमटी दोन्हीकडून जाते, पण ती लोकलइतकी उशिरापर्यंत धावत नाही. फोर्टमधली महाग वाटणारी खाटच मला स्वस्त पडत होती.

अधल्यामधल्या वाटाही पाहिल्या. रेल्वेची रिटायरिंग रूम आणि तिथली डॉर्मिटरी पीएनआर असेल तर मिळते, पण माझ्या तारखांना रिकामी नव्हती. मुंबई सेंट्रलला 2021 साली सुरू झालेलं पॉड हॉटेल आहे, 48 पॉडचं. एखादी रात्र काढायला उत्तम, पण मला मुक्काम हवा होता. कोणीतरी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा सुचवली. ती टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची जागा. तिथली एकही खाट हिंडायला निघालेल्या माणसाने अडवू नये, असं मला मनापासून वाटतं. या शोधात एक सुंदर गोष्ट मात्र कळली. धोबी तलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे गोव्यातल्या गावागावांचे क्लब आहेत, त्यांना कूड म्हणतात. जहाजावर नोकरीला जाणारे गोंयकार बोट मिळेपर्यंत आपापल्या गावच्या कुडीत राहायचे, सगळे एकाच खोलीत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. अनोळखी शहरात स्वस्त खाट आणि सोबत ही गरज आजची नाही, हे वाचून माझी भीती पुष्कळ कमी झाली.

फोर्टमधल्या तीन जागा उरल्या. फोटो बाजूला ठेवले आणि अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे वाचत गेले. 'मस्त अनुभव' वगैरे सोडून दिलं. ढेकूण, पाणी, लिफ्ट, रात्रीचा गोंगाट एवढेच शब्द शोधले. एका ठिकाणी ढेकणांची तक्रार अगदी अलीकडची, ते बाद. दुसरं तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, लिफ्ट नाही. गुडघ्यांनी नकार दिला. तिसऱ्याला फोन लावला. खालचा बेड मिळेल का? चेक-इन दुपारी एकला, तर सकाळी सातला बॅग ठेवून घ्याल का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? लॉकरला कुलूप तुमचं की माझं? पलीकडचा मुलगा न कंटाळता बोलला. कुलूप आणि टॉवेल माझे आणायचे होते, बाकी सगळ्याला हो. त्या उत्तरांवर मी पैसे भरले.

खोली बायकांची, सहा खाटांची. प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट. पहाटे कोणाच्या तरी बॅगेची चेन करकरते, गजर वाजतो, दुसऱ्या टोकाला वाजत राहतो. झोप सावध असणाऱ्यांनी कानात घालायला बोळे न्यावेतच. पण पडदा ओढला की आपली जागा आपली होते, हे मला अपेक्षेपेक्षा फार आवडलं.

वरच्या खाटेवर नांदेडची एक मुलगी होती, भरतीच्या परीक्षेला आलेली. केंद्र कांदिवलीला, हजेरी सकाळी साडेसातला. "काकू, स्टेशनजवळ म्हणून इथं घेतलं," म्हणाली. स्टेशन जवळ होतं खरं, पण सेंट्रलचं. तिला हवी होती वेस्टर्न. जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला: पहाटे टॅक्सीने चर्चगेट, तिथून बोरिवली स्लो. त्या वेळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांना गर्दी कमी, बसायला मिळतं. संध्याकाळी ती परत आली ती पेपर बरा गेल्याचं सांगत. पास झाली तर पुढची फेरी त्याच केंद्रावर होती, म्हणून तिने आताच बोरिवलीच्या बाजूच्या जागा काढल्या. सगळ्यात वर आलेली जागा स्टेशनपासून किती दूर ते तिने आधी बघितलं, मग फोन लावून पाण्याचं विचारलं.